सोलर पंप सुरू झाला की बागेतला सेन्सर भरकटतो : डब्याला कोणत्या धातूचं शिल्डिंग करावं?

बागायतदार_घनसावंगी

नमस्कार मंडळी. जरा घाईत विचारतोय, कारण बाग ताणावर आहे, म्हणजे बहारासाठी पाणी तोडलंय.

घनसावंगी तालुक्यात आमची मोसंबी आहे, शेजारच्या वावरात गहू आणि हरभरा. विहिरीत ५ एचपीचा सोलर पंप आहे, सबमर्सिबल, योजनेतून मिळालेला. प्लेटांच्या खांबाला कंट्रोलर, आणि त्याच खांबाला हातभर अंतरावर प्लास्टिकच्या डब्यात माझा ईएसपी३२ (छोटी कंट्रोलर चिप) चा बोर्ड. मोसंबीच्या ओळीत मातीच्या ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर पुरलाय, त्याची वायर साधारण तीस मीटर. दोन व्हॉल्व्ह आहेत, एक गव्हाच्या तुषारचा, एक बागेच्या ड्रिपचा. आकडे लोरावरून (लांब पल्ल्याचा बिनतारी सिग्नल) आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी येतात, ८६६ मेगाहर्ट्झ.

सकाळी सगळं सुरळीत असतं. ऊन चढलं, पंप जोरात फिरायला लागला की ओलावा ३५ टक्के, लगेच ७०, परत १०, असं काहीही दाखवायलंय. बोर्ड आपोआप रिस्टार्ट होतो. सगळ्यात वाईट म्हणजे परवा बागेचा व्हॉल्व्ह आपोआप उघडला. ज्यांची मोसंबी आहे त्यांना सांगायला नको, आंबे बहाराचा ताण चालू असताना मधेच पाणी गेलं की नुसती पालवी फुटते अन् फुलं मागंपुढं येतात. वर्षाचं पीक त्या फुलांवर असतं.

शिल्डिंग म्हणून, म्हणजे बाहेरचा विजेचा त्रास अडवायला, डब्याला स्वयंपाकाचा ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून पाहिला. सेन्सरला काडीचाही फरक नाही, लोराचा सिग्नल मात्र पडला. आता ऑनलाइन बघतोय तर तांब्याची टेप, तांब्याची जाळी, निकेलचा स्प्रे, म्यू-मेटल नावाचा महागडा पत्रा, असं काय काय दिसतंय. यातलं कोणतं घेऊ? का साध्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा डबा करून घेतला तर भागेल?

अजून एक. वडील आखाड्यावर परभणी आकाशवाणी लावतात, मध्यमलहरीवर १३०५. पंप चालू असला की त्यात किर्रर्र आवाज येतो. या दोन्हीचा काही संबंध असेल का?

वायरमन_गेवराई

दादा, आधी अर्थिंग बघा. काळ्या रानात जमीन भेगाळली की अर्थिंग मरतं, आमच्याकडं दर उन्हाळ्यात हीच तक्रार. नवीन खड्डा घ्या, मीठ-कोळसा भरा, तांब्याची पट्टी टाका, पाणी सोडा. अर्थिंग चांगलं असलं की सगळा नॉइज, म्हणजे विजेचा नको असलेला गोंगाट, जमिनीत जातो. पत्र्याबित्र्यावर पैसे घालू नका.

पॅनेलवाला_वाळूज

घनसावंगीकर भाऊ, बागेच्या लाइनवर हाताचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर आधी तो बंद करून या, मग पुढचं वाचा. हे निस्तरेपर्यंत बहार त्या बोर्डाच्या हवाली ठेवू नका.

व्हॉल्व्ह उघडला तो बहुतेक बोर्ड रिस्टार्ट होण्याच्या क्षणी. ईएसपी३२ चालू होताना काही पिनांवर आपोआप पल्स निघतो, ५, १४ आणि १५ त्यात येतात. बाकीच्या बऱ्याच पिना तेवढा वेळ अधांतरी असतात. व्हॉल्व्हच्या ड्रायव्हरचं इनपुट १० किलोओहमच्या रेझिस्टरनं ग्राउंडला बांधून टाका आणि या तीन पिना व्हॉल्व्हला वापरू नका. हे काम आज संध्याकाळी होईल आणि बाग वाचेल. नॉइजचं त्यानंतर निवांत बघू.

मी वाळूजला पॅनेल बनवतो. व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या) शेजारी नाजूक सिग्नल जपायचा, हे माझं रोजचं काम आहे. तुमचा सोलर कंट्रोलर म्हणजे आतून व्हीएफडीच. प्लेटांची डीसी घेतो, आयजीबीटी या इलेक्ट्रॉनिक स्विचनं ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि मोटारीसाठी तीन फेज तयार करतो. ही चालू-बंद साधारण २ ते १६ किलोहर्ट्झनं होते, पण त्रास त्या आकड्यामुळं होत नाही. दर खेपेला शेकडो व्होल्ट ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास चढतात आणि उतरतात. चढ इतका उभा असला की नॉइज ३ मेगाहर्ट्झपर्यंत दणकून असतो, त्याच्या पुढं ओसरत जातो. वडिलांचं १३०५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात येतं. आणि तुमचा सेन्सर, बाजारात स्वस्तात मिळणारा ५५५ टायमरचा असेल तर, तो स्वतःच दीडेक मेगाहर्ट्झवर चालतो. म्हणजे संबंध आहे, अगदी सख्खा आहे.

आता डब्याकडं बघा. ३ मेगाहर्ट्झची तरंगलांबी १०० मीटर. वीतभर डब्यात इतकी लांब लहर पकडणारं काही नसतं. सेन्सरची तीस मीटरची वायर मात्र तिच्यासाठी उत्तम अँटेना आहे, आणि तिचं टोक सरळ डब्यात शिरून बोर्डाला लागलंय. टाकीला कितीही चांगलं प्लास्टर करा, नळ उघडा असेल तर ती रिकामी होणारच. फॉइलनं फरक पडला नाही तो यामुळं. त्यात फॉइलचा दोष नाही, नॉइज वायरीतून आत येत होता.

म्हणून कोणता धातू, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेतो. नॉइज कितव्या फ्रिक्वेन्सीचा आहे आणि कोणत्या वाटेनं येतोय, हे कळल्याशिवाय पत्रा, टेप, स्प्रे काहीही विकत घेऊ नका.

वाट शोधायला ऑसिलोस्कोप लागत नाही, वडिलांचा ट्रान्झिस्टर पुरतो. दुपारी पंप जोरात असताना मध्यमलहरीवर स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि रेडिओ हातात घेऊन फिरा. कंट्रोलरपाशी, प्लेटांच्या वायरींपाशी, मग विहिरीकडं जाणाऱ्या केबलवरून, मग सेन्सरच्या वायरीवरून. रेडिओच्या आत फेराइट या चुंबकीय सिरॅमिकची कांडी असते, तीच त्याची अँटेना. वायरीतून नॉइज वाहत असेल तर कांडी वायरीला समांतर धरल्यावर आवाज पडतो आणि काटकोनात धरल्यावर वाढतो. असं झालं की समजायचं, नॉइज याच वायरीत आहे.

दुसरी परीक्षा : सेन्सरची आणि व्हॉल्व्हची वायर बोर्डापासून काढा, बोर्ड नुसत्या बॅटरीवर ठेवा, पंप चालू राहू द्या. रिस्टार्ट थांबला तर डबा निर्दोष आहे.

कंट्रोलर उघडू नका. योजनेतल्या पंपाला दुरुस्तीची हमी असते, सील तुटलं की वाद सुरू. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत जिवावर बेतेल एवढी डीसी असते आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं टिकते.

गेवराईचे मामा, अर्थिंगचा खड्डा करायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. शॉक आणि वीज पडणं यासाठी त्याला पर्याय नाही. पण नॉइजसाठी हिशोब बघा. खांबापासून खड्ड्यापर्यंत १५ मीटर वायर धरली तर तिचं इंडक्टन्स (बदलत्या करंटला अडवायचा गुण) ढोबळमानानं १५ मायक्रोहेन्री. १ मेगाहर्ट्झला ती एकटी वायर ९४ ओहम अडवते. मग खड्डा २ ओहमचा आहे की मे महिन्यात भेगाळून १० चा झालाय, याला काय अर्थ उरला? नॉइज जमिनीत जाऊन संपतही नाही. तो ज्या कंट्रोलरमधून निघाला तिथंच परत यायची वाट शोधतो. ती वाट आपण आखून द्यायची, नाहीतर तो सेन्सरच्या वायरीतून फिरून येतो.

ईएमसी_नांदेड

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. मी हा विषय शिकवते, म्हणून आकड्यांची थोडी भर घालते.

मुलं शिल्डिंगचा डबा तयार केला की त्यात मोबाइल ठेवतात आणि कॉल लावतात. रिंग आली नाही की डबा पास. ही परीक्षा फसवी आहे. मोबाइल काही शे मेगाहर्ट्झपासून पुढं काम करतो, आणि तिथं पातळ फॉइलही भिंतीसारखा उभा राहतो. १० किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रासमोर तोच फॉइल नसल्यासारखा असतो. एकाच डब्याचे दोन निकाल, आणि दोन्ही खरे.

कारण स्किन डेप्थ. लहर धातूत शिरताना जेवढ्या खोलीवर तिची ताकद सुमारे ३७ टक्के उरते ती खोली. तांब्यात ५० हर्ट्झला ती ९.३ मिमी, १० किलोहर्ट्झला ०.६६ मिमी, १ मेगाहर्ट्झला ६६ मायक्रॉन, १०० मेगाहर्ट्झला ६.६ मायक्रॉन. ॲल्युमिनियमची १ मेगाहर्ट्झला ८० मायक्रॉनच्या थोडी वर. स्वयंपाकाचा फॉइल जेमतेम ११ ते १६ मायक्रॉन असतो. एक स्किन डेप्थ जाडीला ८.७ डेसिबल घट मिळते, त्यावरून जाडीचा अंदाज बांधता येतो. २० डेसिबल म्हणजे व्होल्टेज दहावा हिस्सा, ६० म्हणजे हजारावा.

शोषणाबरोबर परावर्तनही असतं. विद्युत क्षेत्राला धातू पृष्ठभागावरूनच परत पाठवतो, त्याला जाडी फारशी लागत नाही. फॅरेडेनं १८३६ मध्ये धातूच्या पातळ पत्र्यानं मढवलेली खोली करून दाखवली ती याच बळावर. जवळून येणारं कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र मात्र परावर्तनाला दाद देत नाही. तिथं जाडी हवी किंवा लोखंडासारखा चुंबकीय धातू हवा. मोटारीच्या केबलशेजारी तुमची गाठ याच क्षेत्राशी आहे.

बागायतदार_घनसावंगी

बॉल व्हॉल्व्ह बंद केला. पिन बदलली, रेझिस्टर टाकला. बोर्ड अजूनही रिस्टार्ट होतोय, पण व्हॉल्व्ह हलत नाही. वाळूजच्या भाऊंचे लई उपकार.

रेडिओ घेऊन फिरलो. वडील सोबत होते, त्यांनीच कान देऊन सांगितलं. कंट्रोलरपाशी आवाज मोठा आहे, पण विहिरीकडच्या केबलवर त्याहून मोठा, थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत. प्लेटांच्या वायरींवर थोडा कमी. सेन्सरच्या वायरीवर पहिले पंधरा-वीस मीटर जोरात, बागेत शिरल्यावर कमी. रेडिओ फिरवला की तुम्ही म्हणता तसा पडतो आणि वाढतो.

पाइपलाइनसाठी ट्रॅक्टरनं चारी पाडली होती. मोटारीची केबल आणि सेन्सरची वायर तेवढं अंतर त्याच चारीतून गेलीय. केबल तीन कोअरची चपटी, साधी. बोर्ड बॅटरीवर आणि सगळ्या वायरी काढून ठेवला तर दुपारभर एकदाही रिस्टार्ट झाला नाही.

पॅनेलवाला_वाळूज

मग निकाल लागला. दोन वायरी पंधरा-वीस मीटर अंगाला अंग लावून गेल्या की त्यांचा आपोआप एक ट्रान्सफॉर्मर आणि एक कपॅसिटर तयार होतो. एकीतला झटका दुसरीत उतरतो. सेन्सरची वायर चारीतून काढा आणि मोटारीच्या केबलपासून किमान फूटभर, जागा असेल तर तीन फूट लांबून न्या. केबल ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा. या कामाला फावडं लागतं, दुसरा खर्च नाही, आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडेल.

आता मोटारीची केबल. सबमर्सिबल मोटार पाण्यात बसलेली असते. वायंडिंग आणि बॉडी यांच्यात थोडं कपॅसिटन्स असतं, त्यातून दर झटक्याला करंट बॉडीवर येतो, तिथून विहिरीच्या पाण्यात, पाण्यातून रानात आणि रानातून जमेल त्या वाटेनं कंट्रोलरकडं. तुमचा सेन्सर त्याच मातीत पुरलेला आहे. सेन्सरभोवती कसलाही पत्रा लावून हे थांबत नाही, कारण माती मोजायची म्हणजे मातीला भिडावंच लागतं. उपाय एकच : त्या करंटला परतीची जवळची वाट द्या. कंट्रोलर ते कठडा चार कोअरची आर्मर्ड केबल (वरून धातूच्या तारांचं कवच असलेली), चौथी कोअर मोटारीच्या बॉडीपासून थेट कंट्रोलरच्या अर्थ टर्मिनलला. आर्मर दोन्ही टोकांना धातूच्या ग्लँडमध्ये (केबल डब्यात शिरते तिथं तिला पकडणारा तुकडा) चारी बाजूंनी घट्ट आवळलेलं. आर्मर्ड केबल परवडत नसेल तर जीआय पाइपातून न्या, पण तिन्ही फेज आणि अर्थ एकाच पाइपात हवेत. अर्थ बाहेरून वेगळी नेली की पाइपाचा निम्मा उपयोग गेला. हे काम पंप बसवणाऱ्यांना सांगून, हमीला धक्का लागणार नाही असं लेखी घेऊन करा, आणि प्लेटांचा आयसोलेटर बंद करून.

मग सेन्सरची वायर. पीळ दिलेली जोडी घ्या, वर फॉइल आणि जाळीचं शिल्ड असलेली. शिल्ड डब्याला जिथं जोडता तो सांधा फार महत्त्वाचा आहे, आणि नव्वद टक्के लोक तिथंच घाई करतात. शिल्ड सोलतात, त्याची शेपटी पिळतात, वीतभर वायर जोडून लांबच्या स्क्रूला लावतात. १० सेंमी वायर म्हणजे सुमारे १०० नॅनोहेन्री, १० मेगाहर्ट्झला सव्वासहा ओहम. तेवढ्यात शिल्डवरचा नॉइज उतरायचा राहतो आणि आतल्या वायरीवर चढतो. वाळूजमध्येच एका कारखान्यात कन्व्हेयरवरचा वजनकाटा व्हीएफडी चालू झाला की नाचायचा. लोड सेल बदलून झाले, डिस्प्ले बदलून झाला. केबल उत्तम दर्जाची, शिल्ड ९० टक्के झाकणारं, फक्त त्याची लांब शेपटी पॅनेलच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेलेली. शेपटी कापली, शिल्ड ग्लँडमध्ये गोल आवळलं आणि काटा स्थिर झाला. मला या कामाची गोडी लागली ती तिथून. लाखाच्या मशीनचं नशीब एका ग्लँडवर ठरताना डोळ्यांनी बघितलं.

वायर डब्यात शिरते तिथंच फिल्टर लावा. मातीचा ओलावा काही सेकंदात बदलत नाही, म्हणून इथं चैन आहे : १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड, म्हणजे १.६ हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मेगाहर्ट्झला निकामी होतो, म्हणून त्याच्या जोडीला १०४ लिहिलेला सिरॅमिक लावा, पाय अगदी आखूड ठेवून. जमलं तर पुढच्या हंगामात सेन्सरच आरएस-४८५ चा, म्हणजे डिजिटल आकडा पाठवणारा घ्या. तीस मीटर ॲनालॉग व्होल्टेज नेणं मला मुळात पटत नाही.

एवढं झाल्यावर डबा, आणि आता कुठं तुमचा धातूचा प्रश्न.

जीआय पत्रा घ्या. एक मिमीच्या आसपासचा. लोखंड तांब्याइतकं वीजवाहक नसतं, पण चुंबकीय असल्यामुळं त्याची स्किन डेप्थ तांब्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. १० किलोहर्ट्झला तांब्याला ०.६६ मिमी लागतात तिथं लोखंडाचं ०.१५ मिमीच्या आत भागतं. एक मिमीचा पत्रा म्हणजे सहा-सात पदर झाले, नांदेडच्या मॅडमनी दिलेल्या हिशोबानं पन्नास डेसिबलच्या पुढं. जालन्याला कोणताही फॅब्रिकेशनवाला असा डबा वाकवून, वेल्डिंग करून देईल. म्यू-मेटल विसरा. त्यात ८० टक्क्यांच्या आसपास निकेल असतं, चुंबकीय पारगम्यता (चुंबकीय क्षेत्र स्वतःत ओढून घ्यायचा गुण) हजारोंच्या घरात, आणि ५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरजवळ नाजूक उपकरण ठेवायचं असेल तर त्याला तोड नाही. पण पत्रा वाकवला, ठोकला, भोक पाडलं की तो गुण जातो, आणि परत आणायला हायड्रोजनच्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवावा लागतो. मेगाहर्ट्झला तर त्याची पारगम्यता मुळातच गळून पडते. निकेलचा स्प्रे प्लास्टिकच्या साच्यातून हजारो डबे काढणाऱ्यांसाठी चांगला. एका डब्यासाठी त्याचा थर सारखा बसत नाही आणि झाकणाच्या कडेला घासून निघतो. तांब्याची जाळी मी खिडकीला किंवा पंख्याच्या तोंडाला लावतो, जिथं हवा यायला हवी.

डबा कुठं गळतो तर झाकणाच्या फटीत. फट किती रुंद यापेक्षा ती किती लांब, हे बघायचं असतं. २० सेंमी लांबीची केसाएवढी फट ७५० मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची अँटेना होते. तुमच्या नॉइजसाठी ते फार मोठं संकट नाही, पण तुमचा लोरा तिथून जवळच आहे, म्हणून सांगतो. झाकण बसतं त्या कडेवर पावडर कोटिंग येऊ देऊ नका, आधीच कागदी टेप लावून घ्या. स्क्रू दर पाच सेंमीला. आणि लोराची अँटेना डब्याबाहेर, धातूच्या भिंतीतून जाणाऱ्या एसएमए कनेक्टरनं. फॉइलच्या वेळी सिग्नल पडला कारण अँटेना आत राहिली.

दुरुस्ती_लातूर

भाऊ, फेराइटचं राहिलं. माझ्याकडं जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा ढिगानं आहेत. केबलवर चढवल्या तर? आणि ते एमएक्सीन नावाचं नवीन मटेरियल, त्याबद्दल कुणी वापरून सांगेल का?

पॅनेलवाला_वाळूज

पिवळ्या-पांढऱ्या रिंगा इथं चालणार नाहीत. त्या लोखंडाच्या भुकटीच्या असतात, पारगम्यता ७५ च्या आसपास, एसएमपीएसच्या आउटपुटला करंट साठवायला केलेल्या. नॉइज अडवायला मँगनीज-झिंक फेराइट लागतं, त्याची पारगम्यता हजारांत असते आणि ते काही मेगाहर्ट्झपर्यंत कामाचं असतं. लॅपटॉपच्या वायरीवर जो फुगीर गोळा दिसतो किंवा क्लिपचं जे फेराइट मिळतं ते बहुतेक निकेल-झिंकचं, दहा-वीस मेगाहर्ट्झच्या पुढं चांगलं, तुमच्या-आमच्या पंपाच्या नॉइजला अपुरं. मँगनीज-झिंकची मोठी रिंग मिळाली तर कंट्रोलरमधून बाहेर पडल्या पडल्या तिन्ही फेज एकत्र तिच्यातून घ्या, अर्थची वायर बाहेर ठेवून. जेवढे वेढे बसतील तेवढे द्या, वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपट होतं. रिंग हाताला चटका बसण्याइतकी तापली तर ती लहान पडतेय. सेन्सरच्या वायरीवरही तशीच एक छोटी, डब्याच्या तोंडाशी.

ईएमसी_नांदेड

एमएक्सीनबद्दल : टायटॅनियम कार्बाइडचे अतिशय पातळ थर. २०१६ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठ आणि कोरियातल्या संशोधकांनी ४५ मायक्रॉनच्या फिल्मला ९२ डेसिबल मिळाल्याचं मांडलं. आकडा खरोखर मोठा आहे, पण ती मोजणी गिगाहर्ट्झमधली, रडारच्या पट्ट्यातली. १० किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ४५ मायक्रॉनचा कोणताही थर पुरत नाही. शिवाय पाण्यात आणि हवेत ते हळूहळू ऑक्सिडाइज होतं, शेतावर उघड्यावर टिकवणं अवघड. विमानं, घालता येणारी उपकरणं, पातळ फोन यांच्यासाठी मात्र त्यातून फार चांगलं काही घडू शकतं, माझा त्यावर विश्वास आहे.

बागायतदार_घनसावंगी

सेन्सरची वायर वेगळी काढली, सध्या जमिनीवरून बांधाच्या कडेनं टाकलीय. ओलाव्याचा आकडा आता दोन-तीन टक्क्यांनी हलतो, बस. केबलचं पंपवाल्यांशी बोलतोय. वडिलांच्या रेडिओला अजून किर्रर्र आहेच, ते केबल बदलल्यावर कमी होईल ना?

जीआयचा डबा करायला टाकतोय. दोन शंका. झाकणाची फट तांब्याच्या टेपनं बंद केली तर? आणि मे महिन्यात आमच्याकडं पत्र्याला हात लावता येत नाही, आत बोर्ड आणि बॅटरी शिजतील का?

पॅनेलवाला_वाळूज

रेडिओचा आवाज केबल आणि रिंग झाल्यावर बराच उतरेल. प्लेटांच्या डीसी वायरींवरूनही थोडा बाहेर पडतो, म्हणून प्लस आणि मायनस एकमेकांना चिकटवून बांधा, दोन वायरींच्या मधे मोकळी जागा ठेवू नका. तेवढ्यानंही फरक कानाला कळेल. वडिलांना सांगा, मोजमाप त्यांनीच करायचं आहे.

झाकणाला तांब्याची टेप नको. पहिल्या दोन पावसांत ओल शिरली की तांबं आणि जस्त यांची जोडी बॅटरीसारखी वागायला लागते आणि जीआयवरचं जस्त खाल्लं जातं. मग सांध्यावर गंज, आणि गंज वीज वाहत नाही. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची टेप मिळते, ती चालेल, पण गोंद वीजवाहक आहे असं पाकिटावर लिहिलेलं बघून घ्या. साध्या गोंदाची टेप दिसायला तशीच असते आणि धातूला धातू भिडूच देत नाही. मल्टीमीटरनं टेप आणि पत्रा यांच्यात ओहम बघा. त्यापेक्षा सोपं म्हणजे झाकणाच्या कडेला तारेच्या जाळीचं गॅस्केट, आणि पावसासाठी त्याच्या बाहेरून रबराची पट्टी. धातूचा सांधा आत, रबर बाहेर, हा क्रम उलटा करू नका.

उन्हाचं म्हणाल तर डबा बाहेरून पांढरा रंगवा आणि प्लेटांच्या मागं, दिवसभर सावली राहील अशा बाजूला लावा. ईएसपी३२ चं साधं मॉड्यूल ८५ अंशांपर्यंत चालतं, त्याची काळजी नाही. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून बॅटरी वेगळ्या डब्यात, जमिनीलगत, आणि तिच्या दोन्ही वायरी बोर्डाच्या डब्यात शिरताना ग्लँड आणि फिल्टरमधूनच आत. तळाला पाणी निथळायला ५ मिमीचं एक भोक ठेवा. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३५ सेंमी आहे, एवढ्याशा भोकातून काही येत नाही.

डबा टाकायच्या आधी शिल्डेड केबलची बाहेरची जाडी मोजून इथं टाका. ग्लँड त्या मापाची पितळी, आत शिल्ड पकडणारी स्प्रिंग असलेली लागेल, आणि भोक त्यावरून पाडायचं.